एका पट्ट्याचं टेन्शन

मागच्या शनिवारी माझ्या डिझेल गाडीचा बेल्ट टेन्शनर बदलला. त्याआधी खंबाटकी घाटात, मागे आई-बाबा बसलेले असताना, बॉनेटखालून टकटक सुरू झाली होती. मेकॅनिकने पुली हलवून दाखवली. "साहेब, नुसता पट्टा टाकून भागणार नाही."

बाबांना हे नवीनच. त्यांच्या जुन्या गाडीत साधा फॅन बेल्ट. डायनॅमोचा बोल्ट ढिला करायचा, टॉमीने डायनॅमो मागे रेटायचा, अंगठ्याने पट्टा दाबून बघायचा, झालं! हा रबरी व्ही-बेल्ट डेन्व्हरच्या जॉन गेट्सने १९१७ साली काढला. पुलीच्या खाचेत तो पाचरीसारखा रुततो, म्हणून पकड चांगली.

पुढे पॉवर स्टिअरिंग आलं, एसी आला, तसे पट्टेही वाढले. सगळ्यात आतला तुटला की बाहेरचे सगळे काढा! १९७९च्या फोर्ड मस्टँगमध्ये मग एकच लांब नागमोडी पट्टा आला. तो कायम ताणलेला हवा, म्हणून हा स्प्रिंगचा टेन्शनर. (आमच्या भाषेत, सगळे सर्व्हर एकाच केबलवर.)

डिझेलमध्ये त्याचे जास्तच हाल. इंजिनाच्या प्रत्येक ठोक्याला पट्ट्याला हिसका बसतो आणि तो टेन्शनरला पचवावा लागतो. माझा पट्टा मात्र दिसायला ठणठणीत होता. हल्लीच्या ईपीडीएम रबराला जुन्यासारख्या सहज भेगा पडत नाहीत, त्यामुळे कळतच नाही. तुटला असता तर चार्जिंग, स्टिअरिंग, वॉटर पंप, सगळं एकदम बंद. तेही घाटात...

असो. जुना टेन्शनर बाबांनी पिशवीत घालून घरी आणलाय. स्प्रिंग चांगली आहे म्हणे.