खांबावरचे नाव

गेल्या पावसाळ्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. पाहुण्यांना अजिंठा-वेरूळ हिंडवून आणण्याचा त्याचा व्यवसाय आहे. म्हणाला, "सर, गूगलवर आमचं नाव सहाव्या पानावर निघतं. एक जण म्हणतो, पैसे टाका, महिन्यात पहिल्या पानावर आणतो. टाकू का?"

मी पडलो मॅट्रिक; यंत्रांतले मला काय कळणार! पण नाव वर नेण्याच्या खटपटीचा इतिहास आमच्या शहरापासून शंभर किलोमीटरांवरच दगडात लिहिलेला आहे, तो मी त्याला सांगितला.

२८ एप्रिल १८१९ रोजी कॅप्टन जॉन स्मिथ हा गोरा अधिकारी शिकारीच्या नादात वाघूर नदीच्या दरीत आला आणि त्याला अजिंठ्याचे दहावे लेणे दिसले. आत शिरून या गृहस्थाने काय करावे? एका खांबावर, बोधिसत्त्वाच्या चित्रावरच, आपले नाव नि तारीख कोरली! त्या काळी लेण्यात माती-दगडांचा पुरुषभर नाही तरी छातीभर ढीग साचलेला होता आणि तो त्यावर उभा होता. पुढे ढीग उपसला गेला. आज ते नाव आपल्या डोक्यांच्याही वर, अधांतरी राहिले आहे.

स्मिथने निदान एकच खांब खराब केला. त्याच्यामागून आले ते चित्रांचे खरे चाहते होते, आणि मला वाईट वाटते ते त्यांच्याबद्दल. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे ग्रिफिथ्स यांनी १८७२पासून विद्यार्थी घेऊन तेथे वर्षानुवर्षे नकला केल्या. भिंतींवरचे रंग पुसट. ते उठून दिसावेत म्हणून चित्रांवर व्हार्निश फासले गेले. चित्र तत्काळ उजळले. परंतु दिवस लोटले तसे तेच व्हार्निश तपकिरी पडले आणि त्याखाली चित्र बुडाले. निजाम सरकारने १९२० साली आणविलेल्या इटालियन कारागिरांनी सुटणारा गिलावा पक्का केला, हे उपकारच. पण लाखेचे लेप त्यांनीही दिले. नवव्या-दहाव्या लेण्यांतले लेप काढण्याचे नाजूक काम पुरातत्त्व खात्याने १९९९मध्ये हाती घेतले. फासायला किती वेळ लागला असेल, आणि काढायला?

विद्यार्थ्याने मग मला त्याच्या जगातली गोष्ट सांगितली. गूगल पानाचे वजन ठरविताना, इतर किती नि कोणती पाने त्याच्याकडे बोट दाखवितात, हेही पाहते. म्हणून अशी बोटे विकत मिळतात. काही जण यंत्राला एक पान दाखवितात, वाचकाला दुसरे. २००६ साली जर्मनीतल्या बीएमडब्ल्यू या मोटारींच्या कंपनीने हेच केले, तेव्हा गूगलने तिचे पान यादीतूनच काढून टाकले होते. २०१२पासून विकतच्या बोटांवरही कडक नजर आहे.

"एवढी मोठी कंपनी परत येते," तो म्हणाला, "माझं काय होईल?"

त्याने पैसे टाकले नाहीत. सोमवारी अजिंठा बंद, मंगळवारी वेरूळ. म्हाताऱ्या माणसांना पायऱ्या किती चढाव्या लागतात, डोली कोठे मिळते, हे सारे त्याने मराठीत नीट लिहून काढले. शुद्धलेखन माझ्याकडून तपासून नेले. परवा भेटला तेव्हा नाव तिसऱ्या पानावर होते. शेजारच्या दुकानदाराचे मात्र पहिल्यावर आहे, आणि ते त्याला रोज दिसते.