पितळी पातेलें आणि तान्हीं मुलें



राजवंशांचा आणि रणांचा इतिहास आपण पुष्कळ ऐकतों. आज मी स्वयंपाकघरांतील एका भांड्याचा इतिहास सांगणार आहें. कारण अनेक बालकांच्या मरणाशीं त्याचा संबंध जोडला गेला आहे.

पितळेवांचून आपला संसार पूर्वीं उभाच राहत नसे. आमच्या नंदुरबाराकडे काय किंवा पुण्याकडे काय, लेकीबरोबर हंडा, कळशी व पातेलीं सासरीं जात. पितळ म्हणजे तांबें व जस्त यांचा मिश्रधातु, हें आम्ही मास्तर मंडळी शाळेंत शिकवीत असूं. परंतु त्यांत ठेवलेलें ताक कळकतें, हें आपल्या आज्यांना शाळेवांचूनच ठाऊक होतें. म्हणून कल्हईवाला दारोदार फिरे. तापलेल्या भांड्यांत नवसागर टाकून तो कथलाचा पातळ थर कापसाच्या बोळ्यानें आंतून पसरी. हा थर झिजला, कीं अन्न आणि पितळ यांमधील आडपडदा नाहींसा होई.

याच काळांत आपल्या देशांत लहान मुलांना यकृताची एक दुर्धर व्याधि होत असे. १८८७ सालीं कलकत्त्याच्या डॉ. सेन यांनीं तिचें वर्णन केलें. बहुधा एक ते तीन वर्षांचें मूल किरकिरें होई, पोट फुगे, यकृत वाढून दगडासारखें कठीण लागे. पुढें कावीळ होई, पोटांत पाणी सांठे, आणि कांहीं महिन्यांत सारें संपे. घरोघरीं या दुखण्यास 'लिव्हर' म्हणत. कधीं एकाच घरांतील दुसरें मूलहि त्याच वाटेनें जाई. मग कोणी दैवाला बोल लावी, तर कोणी त्या दुःखी आईलाच.

१९७९ सालीं डॉ. टॅनर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं 'लॅन्सेट' या विलायती वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध केलें, कीं या मुलांच्या यकृतांत तांब्याचा सांठा नेहमींच्या कितीतरी पट असतो. या शोधांत पुण्याचे बालरोगतज्ज्ञ डॉ. आनंद पंडित सहभागी होते. तांबें आलें कोठून? पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. पंडित व डॉ. शीला भावे यांनीं टॅनरसाहेबांसह हा प्रश्न चिकाटीनें पुढें नेला. आयांना त्यांनीं साधेच प्रश्न विचारले: वरचें दूध केव्हां सुरू केलें? कोणत्या भांड्यांत तापविलें, कशांत ठेवलें? रोगी मुलांची निरोगी मुलांशीं तुलना केल्यावर दिसून आलें, कीं रोगी मुलांना गाई-म्हशींचें दूध फार लवकर, आणि तेंहि पितळेच्या भांड्यांतलें, मिळालें होतें. १९८३ सालीं हें अनुमान प्रसिद्ध झालें. पितळेंत ठेवलेलें दूध तांबें ओढून घेतें आणि तें दुधांतील प्रथिनास चिकटतें, हेंहि पुढें प्रयोगानें दिसलें. आईच्या दुधांत मात्र तांबें अत्यल्प असतें.

येथें एक शंका योग्यच आहे. पितळ तर घरोघर होतें. मग सर्वच मुलें आजारी कां पडलीं नाहींत? याकरितां कांहीं मुलांत आनुवंशिक दुबळेपणा असावा, असें अभ्यासक मानतात. हा वाद पूर्ण मिटलेला नाहीं. परंतु दूरच्या ऑस्ट्रियांत, टिरोल प्रांतांत, अशाच रोगानें १९०० ते १९७४ या काळांत १३८ मुलें दगावल्याचें १९९६ सालीं प्रसिद्ध झालें. तेथेंहि गाईचें दूध तांब्या-पितळेच्या भांड्यांत तापवीत असत. भांडीं बदललीं, आणि रोग ओसरला.

पुण्यांत पेनिसिलामाइन हें तांबें शरीराबाहेर काढणारें औषध देऊन पाहिलें गेलें. रोग आरंभीं ओळखला, तर कांहीं मुलें वांचलीं. उशीर झाल्यास उपाय चालेना. खरा उपाय प्रतिबंध हाच होता. स्टेनलेस स्टीलचीं भांडीं आलीं, डॉक्टरांचा उपदेश पसरला, आणि तो रोग आज दुर्मिळ झाला आहे.

हल्लीं पितळेची हौस पुन्हां आली आहे. हौसेला माझा विरोध नाहीं. पण कल्हई नसलेल्या भांड्यांत तान्ह्याचें दूध तापवूं नये, ठेवूं नये. मूल दगावल्याचा दोष ज्या आयांनीं निमूटपणें सोसला, त्यांच्यावरील बोल या संशोधकांनीं केवळ विचारपूस करून खोटा ठरविला. या कथेंत मला त्यांचें हें श्रेय औषधाहूनहि मोठें वाटतें.