बादशहाची अळंबी

ऑक्टोबर १७४०. पवित्र रोमन साम्राज्याचा बादशहा सहावा चार्ल्स अळंबी खाऊन आजारी पडला आणि गेला. ती बहुधा 'डेथ कॅप' असावी. वारस मुलगी, मारिया थेरेसा. डिसेंबरातच प्रशियाच्या फ्रेडरिकनं सायलेशियात फौजा घातल्या. युद्ध १७४८पर्यंत चाललं.

ही अळंबी ओळखायची कशी? हिरवट टोपी, तिच्याखाली पांढरे पापुद्रे, देठाला कडं आणि बुडाशी मातीत दडलेली पिशवी. वरून खुडली तर नेमकी खूण जमिनीतच राहते! शिजवून विष जात नाही. चांदीचा चमचा काळा पडतो वगैरे थापा. सहा-बारा तासांनी उलट्या-जुलाब, मग दिवसभर बरं वाटतं. अशा शांततेला आम्ही फौजी घाबरतो. आत यकृत निकामी होत असतं.

एप्रिल २०२२मध्ये आसामात रानअळंबी खाऊन १३ जण दगावले, बहुतेक चहामळ्यांतले.