फियाटमधला टेप आणि एक कबुली

आपल्या बॅचच्या ग्रुपवर मध्यंतरी कुणीतरी नववीच्या गॅदरिंगचा फोटो टाकला. डिसेंबर १९९४. सगळ्यांनी एकमेकींना ओळखलं, नऊवाऱ्या कुणाच्या आयांच्या होत्या तेही आठवलं. त्या फोटोत उजव्या कोपऱ्यात, पडद्याआड अर्धी दिसणारी, टेपरेकॉर्डरच्या बटणावर बोट ठेवून बसलेली मुलगी म्हणजे मी. मला नाच जमत नव्हता, म्हणून टेप सांभाळायचं काम माझ्याकडे आलं होतं.

त्या दिवशी वाजलेल्या कॅसेटची एक गोष्ट मी आजवर तुमच्यापैकी कुणालाच सांगितलेली नाही. स्मरणिकेसाठी "काहीतरी लिही" असा निरोप आला, तेव्हा वाटलं की आता सांगून टाकावी. पण ती नीट कळायची तर आधी कॅसेटचा थोडा इतिहास सांगायला हवा. इंजिनिअरची खोड आहे, सांभाळून घ्या.

आपण जिला नुसती 'कॅसेट' म्हणायचो, ती फिलिप्स कंपनीने १९६३ साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात पहिल्यांदा मांडली. बेल्जियममधल्या हॅसेल्ट गावात लू ऑटेन्स नावाच्या डच इंजिनिअरच्या हाताखालच्या मंडळींनी ती तयार केली होती. त्याआधीही टेपरेकॉर्डर होते, पण मोठ्या रिळांचे आणि उचलायला जड. रीळ हाताने ओवून लावावं लागे. ऑटेन्सना कोटाच्या खिशात मावेल असं यंत्र हवं होतं. त्यासाठी त्यांनी खिशाच्या मापाचा एक लाकडी ठोकळा करून घेतला आणि यंत्र एवढंच व्हायला हवं असं ठरवलं. तो ठोकळा पुढे हरवला. रस्त्यात गाडीचं चाक पंक्चर झालं, तेव्हा त्यांनी तो जॅकखाली आधाराला लावला आणि तिथेच राहिला, असं सांगतात. खरं-खोटं त्यांनाच ठाऊक, पण आमच्या अण्णांना ही गोष्ट सांगितली तेव्हा ते म्हणाले, "मग तो माणूस आपल्यातलाच!"

फिलिप्सने आणखी एक मोठी गोष्ट केली. मापं बदलायची नाहीत या अटीवर इतर कंपन्यांनाही कॅसेट विनाशुल्क बनवू दिली. म्हणून जपानची कॅसेट दिल्लीच्या टेपमध्ये चालायची आणि दिल्लीची मस्कतच्या. ३.८१ मिलिमीटर रुंदीची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते, हे जगभर एकच. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये एका बाजूला अर्धा तास, म्हणजे साधारण ८६ मीटर फीत. आपल्या शाळेच्या मैदानाची लांबी आठवा, जवळजवळ तेवढी फीत तळहाताएवढ्या डबीत गुंडाळलेली असायची.

मोटारीत संगीत आणायची धडपड त्याहून जुनी. १९३० च्या सुमारास अमेरिकेत मोटारीतले रेडिओ आले. १९५६ मध्ये क्रायस्लरने चक्क तबकड्या वाजवणारं यंत्र गाडीत बसवलं, पण गाडीच्या हिसक्यांपुढे तबकडीवरची सुई कुठवर टिकणार? १९६५ च्या सुमारास फोर्डच्या गाड्यांत 'एट-ट्रॅक' नावाची जाडजूड कॅसेट आली. ती अमेरिकेत काही वर्षं चालली, पण मागे घेता येत नसे. शेवटी फिलिप्सची छोटी कॅसेटच गाडीत टिकली. धक्के सोसायची, एका हाताने घालता-काढता यायची आणि हवी ती गाणी त्यात घरी भरता यायची.

आपल्याकडे हे सगळं उशिरा आलं. परदेशी मालावरची जकात जबर होती, त्यामुळे टेप यायचा तो आखातात नोकरीला गेलेल्या कुणाच्या तरी सामानातून. कऱ्हाडात आमच्या गल्लीत पहिला 'टू-इन-वन' आला तो आमच्या मामाचा, मस्कतहून. मग ऐंशीच्या दशकात चित्र पालटलं. दिल्लीच्या दर्यागंजात ज्यांच्या वडिलांचं रसाचं दुकान होतं, त्या गुलशन कुमारांनी १९८३ साली सुपर कॅसेट्स म्हणजेच टी-सिरीज काढली. कॅसेट पानपट्टीवर आणि किराणा दुकानातही मिळायला लागली. तबकडी काढायला मोठी कंपनी आणि मोठा खर्च लागे, कॅसेट मात्र थोडक्या भांडवलात निघायची. म्हणून ज्यांच्या दारात तबकडीवाले सहसा जात नव्हते, त्यांचेही आवाज बाजारात आले. आपल्याकडे प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांची भीमगीतं आणि लोकगीतं, तमाशाचे वग, गावोगावची भजनी मंडळं घरोघर पोचली ती कॅसेटमुळे. पीटर मॅन्युएल या अमेरिकी अभ्यासकाने १९९३ मध्ये उत्तर भारतातल्या या कॅसेट-संस्कृतीवर अख्खं पुस्तक लिहिलं आहे.

आता आमची फियाट. कागदोपत्री ती प्रीमियर पद्मिनी, पण तिला फियाटच म्हणायचे. अण्णा ती भाड्याने चालवत. लग्नाचं वऱ्हाड, मुंबईला दवाखान्यात न्यायचा पेशंट, गोंदवले-पंढरपूर, जे भाडं मिळेल ते. टेप त्यांनी लॅमिंग्टन रोडवरून जुना आणला होता. या गाडीत टेपसाठी तयार खाच नव्हती, म्हणून तो डॅशबोर्डखाली पट्टीला टांगलेला. स्पीकर मागच्या काचेखालच्या फळीवर. रात्री परगावी मुक्काम पडला की अण्णा टेप ओढून काढून उशाशी घेऊन झोपत, कारण गाडीपेक्षा टेप चोरीला जायची भीती जास्त.

त्या टेपची सेवा आम्ही दोघं करायचो. घाटातली धूळ हेडवर बसली की आवाज बसका यायचा. मग काडीला कापूस गुंडाळून, स्पिरिटमध्ये बुडवून हेड पुसायचं. फीत ओढणारा रबरी रोलर चिकट झाला की तो फीत गिळायचा. मग बोटांनी हळूहळू ती बाहेर काढायची, सुरकुत्या नखाने सपाट करायच्या आणि सहा कडांची पेन्सिल चाकात घालून गुंडाळायची. तुटली तर नेलपॉलिश नाहीतर चिकटपट्टी. पुढे सांगलीला इंजिनिअरिंगला गेले तेव्हा चुंबकाचं प्रकरण मला सोपं गेलं, ते या फियाटमुळे.

अण्णांना रेडिओपेक्षा टेप का प्यारा, हे कुंभार्ली घाटात कळायचं. कोयनानगरपर्यंत आकाशवाणीचं सांगली केंद्र लागायचं, घाट सुरू झाला की नुसती खरखर, आणि खाली चिपळूणकडे उतरल्यावर रत्नागिरी केंद्र. मधल्या वळणांवर सोबत फक्त कॅसेटची.

अशाच कॅसेटींच्या डब्यात एक कॅसेट होती. १९८८ साली मामाचा टू-इन-वन आठवड्याभरासाठी आमच्याकडे होता, तेव्हा अण्णांनी त्यात माझ्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या भरून घेतल्या. आजीला नुसतं बसून त्या आठवेनात. शेवटी माळ्यावरचं जातं खाली काढलं, मूठ-मूठ ज्वारी घातली, आणि दळायला लागल्यावर ओव्या आपोआप आल्या. १९९१ मध्ये आजी गेली.

तुम्हाला आठवत असेल, कॅसेटच्या मागच्या कडेला प्लास्टिकचे दोन छोटे चौकोन असायचे. ते मोडले की त्या कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही, रेकॉर्डिंगचं बटण दबतच नाही. विकतच्या कॅसेटचे चौकोन मोडूनच यायचे. घरी भरलेल्या कॅसेटचे कुणी मोडले असतील, तर त्याचा अर्थ एकच: यातलं जपायचं आहे. आणि मोडलेल्या जागी चिकटपट्टी लावली की बटण पुन्हा दबतं, हेही आपल्या पिढीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

गॅदरिंगच्या नाचासाठी गाणं भरायचं होतं. कोरी कॅसेट आणायला पैसे मागायची मला लाज वाटली. डब्यातून एक कॅसेट उचलली. गाडीतल्या उन्हाने तिच्यावरचा कागद गळून पडला होता, त्यामुळे आत काय आहे ते कळेना. पण चौकोन मोडलेले मला दिसले होते. ते मी पाहिलं, चिकटपट्टी लावली, आणि वर्गातल्याच एकीच्या घरी दोन कॅसेटवाला टेप होता, त्यावर नाचाचं गाणं भरलं. फीत उरली म्हणून हावरटासारखी आणखी चार-पाच गाणीही भरली.

टेपरेकॉर्डरमध्ये फीत आधी पुसणाऱ्या हेडवरून जाते आणि मग भरणाऱ्या हेडवरून. आधीचं आधी साफ होतं, नवीन नंतर उमटतं. आज कंप्युटरवर फाइल पुसली तर बहुतेक वेळा फक्त तिचा पत्ता पुसला जातो, मजकूर काही काळ तिथेच असतो आणि शोधून परत आणता येतो. माझ्या नोकरीत मी तसा आणलाही आहे. फितीवरून गेलेलं मात्र परत आणता येत नाही.

म्हणजे मैत्रिणींनो, तुम्ही त्या संध्याकाळी ज्या गाण्यावर नाचलात, ते माझ्या आजीच्या ओव्यांवर भरलेलं होतं. तुमचा यात काही दोष नाही. बक्षीसही मिळालं आपल्याला.

मे १९९५ मध्ये आम्ही चिपळूणला आत्याकडे निघालो होतो. घाटात रेडिओ खरखरायला लागला, तशी अण्णांनी नेमकी तीच कॅसेट लावली. त्यांना आईचा आवाज ऐकायचा होता. लागलं सिनेमाचं गाणं.

"ही कुणी भरली?"

"मी. गॅदरिंगला."

"चौकोन मोडले होते की गं."

"चिकटपट्टी लावली."

ते पुढे काही बोलले नाहीत. आईने कॅसेट काढायला हात पुढे केला, तर म्हणाले, "असू दे." एकामागून एक गाणी वाजत राहिली. मला वाटलं ही शिक्षाच आहे. पण अण्णांना टेप माझ्यापेक्षा जास्त कळत होता. शेवटचं गाणं मध्येच तुटलं, 'टक्' असा आवाज आला, आणि जात्याची घरघर सुरू झाली. जिथे मी भरणं थांबवलं होतं, तिथून पुढची फीत तशीच राहिली होती. अण्णांनी गाडी वळणाच्या कडेला घेतली. सहा मिनिटं आजी दळत होती. भावाची ओवी, पंढरीची ओवी, कृष्णाकाठची एक ओवी. मग फीत संपली.

अण्णांनी कॅसेट काढली, नखाने चिकटपट्टी सोलून काढली आणि कॅसेट माझ्या हातात दिली. "आता ही तुझ्याकडंच ठेव," म्हणाले. त्यानंतर हा विषय त्यांनी कधीच काढला नाही.

पुढे पुण्यात नोकरी करताना मला कळलं की हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगावच्या बायांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या आणि त्यातल्या कितीतरी बायांच्याच आवाजात टेपवर भरून घेतल्या. आज त्या 'पारी'च्या संकेतस्थळावर कुणालाही ऐकता येतात. मी त्या ऐकते, तेव्हा आजीच्या उरलेल्या चोवीस मिनिटांत काय असेल याचा अंदाज बांधत बसते.

कॅसेटचा काळ सरला. २०१० मध्ये सोनीने जपानमधली कॅसेटच्या वॉकमनची विक्री थांबवली. अमेरिकेत कारखान्यातूनच टेप बसवून आलेली शेवटची नवी मोटार त्याच वर्षाची, लेक्ससची होती असं म्हणतात. आमची फियाट तर केव्हाच भंगारात गेली. पण फिती अजून घराघरांत आहेत, आणि त्या दरवर्षी थोड्या थोड्या खराब होत आहेत.

म्हणून एक विनंती. आपल्यापैकी कुणाच्या तरी माळ्यावर, टीव्हीच्या कपाटात, जुन्या सूटकेसमध्ये अशा कॅसेटी नक्की असतील. आपल्या बाईंचं कवितावाचन कुणीतरी भरलं होतं, हे मला चांगलं आठवतं. निरोप समारंभाची भाषणंही भरली होती. कुणाच्या आजोबांचा आवाज असेल, कुणाच्या बारशाचा पाळणा असेल. मेळाव्याला येताना त्या घेऊन या. मी दुरुस्त केलेला डेक आणि लॅपटॉप घेऊन व्हरांड्यात बसणार आहे. तोवर घरी वाजवून बघायचा मोह टाळा. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर मुळीच वाजवू नका, मला दाखवा. भरलेली फाइल तुम्हाला आणि एक प्रत शाळेच्या ग्रंथालयाला देऊ.

आणि आणायच्या आधी कॅसेटच्या मागे बघा. दोन चौकोन शाबूत असतील, तर आधी मोडा.

माझी कॅसेटही मी आणणार आहे. अण्णा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, तेही येतो म्हणालेत. आधी तुमच्या नाचाचं गाणं वाजेल, हवं तर पुन्हा नाचा. पण ते संपल्यावर उठून जाऊ नका. 'टक्' होईपर्यंत थांबा.