चोर क्षणात सीमेपार, कागद मात्र वर्षभर वाटेत

४ मे २०००. जगभरातल्या ऑफिसांत लोकांनी ईमेल उघडला तर विषय होता 'आय लव्ह यू'. सोबत प्रेमपत्राची फाईल. ती उघडली की कॉम्प्युटरमधल्या फाईली खराब व्हायच्या आणि तेच पत्र आपल्या यादीतल्या सगळ्यांना आपोआप जायचं. ब्रिटिश संसदेपर्यंत सगळ्यांच्या मेल यंत्रणा कोलमडल्या. तपास काही दिवसांतच फिलिपिन्समधल्या मनिला शहरात, कॉम्प्युटर कॉलेजात शिकलेल्या एका तरुणापर्यंत पोचला.

आणि तिथेच संपला. कारण फिलिपिन्समध्ये तेव्हा व्हायरस सोडणं हा गुन्हाच नव्हता! क्रेडिट कार्डांच्या गैरवापराचा कायदा लावून बघितला, तो टिकला नाही. जूनमध्ये घाईघाईने नवा कायदा झाला, पण मागच्या तारखेने कुणाला शिक्षा देता येत नाही. ऑगस्टमध्ये आरोप मागे घेतले गेले. अमेरिकेच्या ताब्यात द्यावं तर प्रत्यार्पणाचा जुना नियम आडवा आला: कृत्य दोन्ही देशांत गुन्हा असलं पाहिजे. पोरगा घरी गेला.

हे आज का सांगतोय? आपल्याकडे सायबर फसवणुकीची चर्चा 'ओटीपी कुणाला देऊ नका' इथे सुरू होते आणि तिथेच संपते. पैसे गेल्यावर आणि धागा परदेशात निघाल्यावर पुढे काय होतं, हे कुणी सांगत नाही. त्याला पंचवीस वर्षांचा इतिहास आहे.

आधी जुनी पद्धत बघू. परदेशातला पुरावा हवा असेल तर आपलं न्यायालय तिकडच्या यंत्रणेला विनंतीपत्र पाठवतं. बोफोर्स आठवतंय ना? १९९० मध्ये त्याच काळात फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम १६६-अ आलं, स्वित्झर्लंडला विनंतीपत्र गेलं, आणि बँकेची कागदपत्रं भारताच्या हातात पडली जानेवारी १९९७ मध्ये. सात वर्षं! पण ती बँकेची कागदपत्रं होती. कपाटात पडून राहिली, वाट बघत बसली. सर्व्हरवरची नोंद अशी वाट बघत नाही. कुठली कंपनी ती काही महिने ठेवते, कुठली काही दिवस. मग ती पुसली जाते, कायमची.

ही अडचण सोडवायला अमेरिकेने २००० मध्येच शॉर्टकट मारला. रशियातल्या चेल्याबिन्स्कचे दोन हॅकर अमेरिकन कंपन्यांना लुटत होते. एफबीआयने सिएटलमध्ये खोटी कंपनी काढली, नोकरीच्या मुलाखतीला म्हणून दोघांना बोलावलं, त्यांनी कीबोर्डवर टाईप केलेले पासवर्ड टिपले आणि अटक केल्यावर रशियातल्या सर्व्हरवरून पुरावा उतरवून घेतला. अमेरिकन न्यायालयाने तो मान्य केला. रशियाने काय करावं? २००२ मध्ये एफबीआयच्याच एजंटवर हॅकिंगचा गुन्हा दाखल केला! आता सांगा, पोलीस कोण आणि चोर कोण? सीमा ओलांडून घेतलेला पुरावा एका देशात तपास ठरतो, दुसऱ्या देशात घुसखोरी. पुढची सगळी भांडणं याच प्रश्नावर झाली.

२३ नोव्हेंबर २००१ ला बुडापेस्ट करार सह्यांसाठी खुला झाला. युरोपच्या परिषदेने तो केला, पण मसुदा करताना अमेरिका, कॅनडा, जपान, दक्षिण आफ्रिकाही बसले होते. त्यातल्या तीन गोष्टी महत्त्वाच्या. एक, सगळ्या सदस्यांनी ठराविक कृत्यं आपापल्या कायद्यात गुन्हा ठरवायची, म्हणजे मनिलासारखी पळवाट राहणार नाही. दोन, प्रत्येक देशाने चोवीस तास चालणारा संपर्क कक्ष ठेवायचा. तीन, पुरावा देण्याचा निर्णय व्हायच्या आधी तो जपून ठेवा, असं तातडीने सांगता यायला हवं. मुदत ९० दिवसांपर्यंत, आणि ती वाढवता येते. म्हणजे द्यायचा की नाही ते नंतर ठरवू, आधी पुसू तर नका. मला विचाराल तर अख्ख्या करारातलं सगळ्यात शहाणपणाचं कलम हेच.

भारताने सही केली नाही. आम्ही मसुद्याला नव्हतो, तर तयार पानावर सही का करायची, आणि परक्या पोलिसांनी आमच्या हद्दीतल्या डेटाला हात का लावायचा, असे हे आक्षेप. ते अगदीच पोकळ नाहीत. पण त्याची किंमत कुणी मोजली?

आपला माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चाच. त्याचं कलम ७५ म्हणतं, परदेशात बसून कुणी भारतातल्या कॉम्प्युटरविरुद्ध गुन्हा केला तरी हा कायदा लागू. कागदावर आपला हात साता समुद्रापार पोचतो. प्रत्यक्षात अमेरिकेतल्या कंपनीकडून मेलमधला मजकूर हवा असेल तर २००५ पासून लागू झालेल्या भारत-अमेरिका परस्पर कायदेशीर साहाय्य कराराने जावं लागतं. तालुक्यातला तपास अधिकारी, वरचे अधिकारी, राज्याचं गृह खातं, दिल्लीतलं केंद्रीय गृह मंत्रालय, तिथून वॉशिंग्टनचं न्याय खातं, मग तिकडचा न्यायाधीश, आणि शेवटी कंपनी. उत्तर याच वाटेने उलटं. ओबामांनी नेमलेल्या समितीने डिसेंबर २०१३ मध्ये लिहून ठेवलंय की अशा विनंतीला सरासरी सुमारे दहा महिने लागतात.

आमच्या भागातल्या एका निवृत्त शिक्षकांचे अकरा लाख 'डिजिटल अरेस्ट'मध्ये गेले. व्हिडिओ कॉलवर खाकीतला माणूस, मागे अशोकस्तंभ, सगळं. मी तपास अधिकाऱ्यांना विचारलं तर म्हणाले, "साहेब, आयपी बाहेरचा निघाला. आता मी कुणाला लिहू?" माणूस कामचुकार नव्हता. त्याच्याकडे दोन खून, एक अपघात आणि यात्रेचा बंदोबस्त होता. अशा फाईलींवर शेवटी 'अ' समरीचा शिक्का बसतो: गुन्हा खरा, आरोपी मिळून आला नाही. सर म्हणाले, "खरा आहे एवढं तरी लिहिलं." मला पुढे काही विचारवेना.

पण रस्ता बंदच आहे, असंही नाही. २६/११ च्या हल्लेखोरांचे कॉल इंटरनेटवरून, न्यू जर्सीतल्या एका कंपनीमार्फत आले होते. तो पुरावा मुंबईच्या न्यायालयात आला, एफबीआयच्या अधिकाऱ्यांची साक्षही झाली. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे सुमारे ९४ कोटी गेले, २८ देशांतल्या एटीएममधून नोटा काढल्या गेल्या. तिथेही हाँगकाँगच्या खात्यात गेलेल्या रकमेपैकी काही कोटी गोठवून परत आणता आले. पुण्याच्या न्यायालयाने २०२३ मध्ये अकरा जणांना शिक्षाही दिली. म्हणजे प्रकरण पुरेसं मोठं असेल, मागे माणसं लावली, तर कागद पळतो. अकरा लाखांसाठी तो कोण पळवणार?

दरम्यान मोठ्यांनी आपापसात वेगळी वाट काढली. मायक्रोसॉफ्टने डब्लिनमधल्या सर्व्हरवरचे मेल अमेरिकन सरकारला द्यायला नकार दिला होता. वाद सर्वोच्च न्यायालयात असतानाच मार्च २०१८ मध्ये अमेरिकेने 'क्लाउड' कायदा केला. अमेरिकन कंपनीचा डेटा जगात कुठेही असो, वॉरंट आलं की द्यायचा. शिवाय ज्या देशाशी करार होईल तिथल्या यंत्रणांना थेट कंपनीकडे मागता येईल. ब्रिटनचा करार २०२२ मध्ये लागू झाला, ऑस्ट्रेलियाचा २०२४ मध्ये. आपला नाही.

आणि आता संयुक्त राष्ट्रं. रशियाच्या पुढाकाराने २०१९ मध्ये ७९ विरुद्ध ६० मतांनी नव्या कराराची प्रक्रिया सुरू झाली, भारताने बाजूने मत दिलं. २४ डिसेंबर २०२४ ला महासभेने करार स्वीकारला, ऑक्टोबर २०२५ मध्ये हनोईत सह्या सुरू झाल्या. ४० देशांनी रीतसर मान्यता दिली की ९० दिवसांनी तो लागू होईल.

आनंद व्हावा, पण इथे पत्रकार म्हणून माझ्या पोटात गोळा येतो. हा करार फक्त सायबर गुन्ह्यांपुरता नाही. ज्या गुन्ह्याला चार वर्षं किंवा जास्त शिक्षा असू शकते, तो कुठलाही 'गंभीर गुन्हा' आणि त्याच्या इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी हे सहकार्य मागता येतं. भारतीय न्याय संहितेचं कलम १५२ घ्या, देशाच्या सार्वभौमत्वाला बाधा आणण्याचं. शिक्षा जन्मठेप किंवा सात वर्षांपर्यंत. ते लिहिण्या-बोलण्यावरूनही लागू शकतं. राजकीय मतांसाठी छळ होतोय असं वाटल्यास विनंती नाकारायची मुभा करारात आहे, पण ती समोरच्या देशाच्या मर्जीवर. ज्या दाराने सरांचा चोर सापडेल, त्याच दाराने मला माहिती देणारा माणूसही सापडू शकतो.

म्हणून दार बंद ठेवा असं मी म्हणत नाही. दारावर न्यायाधीश बसवा. मजकूर मागायचा तर न्यायालयाच्या आदेशाने. नुसतं 'जपून ठेवा' सांगायचं असेल तर मात्र जिल्ह्यातल्या अधिकाऱ्याला त्याच दिवशी सांगता यावं. पुरावा जपल्याने कुणाचं काही उघड होत नाही, पण तो पुसला गेला तर सरांसारख्यांचा सगळा खटलाच जातो.

आणि तोवर आपल्या हातात काय? फसवणूक झाली तर पहिल्या तासात १९३०. चॅट, कॉल, मेल काहीही डिलीट करू नका, रागात तर अजिबात नको. आणि ठाण्यात गेलात की फिर्यादीच्या प्रतीबरोबर एक प्रश्न नक्की विचारा: "साहेब, कंपनीला नोंदी जपून ठेवायचं पत्र गेलं का?" उत्तर 'नाही' आलं तर तुमचा अर्ज लेखी द्या, पोच घ्या. ती पोच घेऊन माझ्याकडे या, मी बातमी करतो.