बुंद, कॉफी आणि जायफळ

कॉफी हे आपल्या मराठी घरातले पाहुण्यांचे पेय. चहा रोजचा; कॉफी व्हायची ती व्याही-विहीण आल्यावर. साहजिकच तिचा डबा महिनोन्‌महिने पुरतो आणि एके दिवशी उघडून पाहावे, तर रंग तेवढा उरलेला, वास कधीच उडालेला! ती टिकवावी कशी, ह्याचे उत्तर मला इतिहासात सापडले.

संगमनेरला १७१० साली जन्मलेला दर्गाह कुली खान हा निजामाचा सरदार १७३८ ते १७४१ ह्या काळात दिल्लीत होता. चांदणी चौकातल्या कहवाखान्यांत रोज कवी जमत, असे त्याने ‘मुरक्का-ए-दिल्ली’ ह्या फारसी ग्रंथात लिहून ठेवले आहे. हाच गृहस्थ पुढे आमच्या औरंगाबादेचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा, सुभेदार झाला.

आता वाचकांनी विचार करावा. त्या काळी कॉफी अरबस्तानातल्या मोखा बंदरातून शिडाच्या गलबतांनी सुरतेस येई आणि तेथून खुष्कीच्या मार्गाने देशात जाई. वाटेत महिने मोडत. हवाबंद डबे तर नव्हतेच. मग ती टिके कशी? तर ती कच्ची येई म्हणून! अरबीत ह्या दाण्याला ‘बुन्न’ म्हणतात; जुन्या मराठीत तोच ‘बुंद’ झाला. कच्चा बुंद कोरड्या जागी वर्षभर सहज राहतो. भाजला की त्याला सुगंध येतो, पण त्याच क्षणी त्याचे आयुष्यही मोजके होते. भाजलेला अख्खा दाणा काही आठवडे चांगला राहतो. दळलेली पूड मात्र काही दिवसांतच उतरू लागते. दळल्याने कण न्‌ कण हवेला उघडा पडतो, सुवास निघून जातो आणि दाण्यातले तेल खवट होते.

१९०० साली सॅन फ्रान्सिस्कोच्या हिल्स ब्रदर्सनी हवा काढून घेतलेल्या डब्यांत कॉफी भरली, ही मोठीच सोय झाली. पण घरी झाकण उघडले की ती सोय संपते.

गंमत अशी की, ही विद्या आपल्या स्वयंपाकघराला ठाऊक आहे. त्याच कॉफीत घालायचे जायफळ कोणतीही जाणती गृहिणी पूड करून ठेवीत नाही. अख्खे ठेवते आणि लागेल तेवढेच उगाळते. तोच न्याय कॉफीला का नको? दाणे थोडेच आणावेत, आयत्या वेळी दळावेत. डबा घट्ट झाकणाचा, अपारदर्शक आणि शक्यतो काठोकाठ भरलेला असावा. तो शेगडीपासून दूर ठेवावा. फ्रिजमधून रोज आत-बाहेर करू नये. गार डब्यात दमट हवा शिरून पाणी धरते.

पूर्वी घरोघरी रव्याप्रमाणे बुंदही लोखंडी कढईत भाजता येई, कारण भाजणे हे घरचेच काम होते. तयार पुडीने आपले श्रम वाचवले, पण दाणा कधी उतरला हे नाकाने ओळखण्याची सवयही नेली. ह्या दिवाळीला पाहुणे येतील, तेव्हा त्यांच्यापुरते मूठभर दाणे दळून पाहावेत. मला वाटते, त्या दिवशी जायफळ थोडे कमीच लागेल.