जनावरांचे स्थलांतर आणि स्थानिक उपाय : शहापूर–मुरबाडच्या संदर्भात

मनुष्यवस्तीला नकोसे झालेले जनावर मारावयाचे नसेल तर त्याचे काय करावयाचे, हा प्रश्न पश्चिम भारतात निदान दोन शतके वारंवार उपस्थित झालेला आहे. त्याला दोन उत्तरे संभवतात. एक, ते जनावर उचलून अन्यत्र न्यावे. दुसरे, ज्या कारणांमुळे ते नकोसे झाले त्यांचा बंदोबस्त जागच्या जागी करावा. पहिले उत्तर सोपे, तात्काळ दिसणारे व दयेला समाधान देणारे असते. परंतु त्यात एक गृहीत दडलेले असते, ते असे की, जेथे जनावर न्यावयाचे ती भूमी रिकामी आहे. ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या तालुक्यांचा इतिहास हे गृहीत तपासून पाहण्यास विशेष उपयुक्त आहे.

या इतिहासाचा आरंभ मुंबईत होतो. मोकाट कुत्री मारण्याचा नियम तेथे इ. स. १८१३ पासून अमलात होता. १८३२ साली त्याची अंमलबजावणी अधिक कडक झाली. मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे इनाम मिळत असल्याने शिपाई पाळीव कुत्र्यांवरही हात टाकू लागले. पारशी समाजाच्या अंत्यविधीत ‘सगदीद’ म्हणून कुत्र्याला स्थान आहे. त्यामुळे ६ जून १८३२ रोजी कोटातील पारशी रहिवासी रस्त्यावर उतरले. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद राहिली, कुलाब्याच्या लष्करी छावणीचा अन्नपुरवठा अडला व शेवटी सैन्य बोलवावे लागले. जैन व हिंदू व्यापारीही या निषेधात सामील झाले होते.

या संघर्षानंतर दोनच वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जीजीभाई व मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ स्थापन झाली. व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर स्वेच्छेने लागा बसवून तिच्या खर्चाची तरतूद केली. कुत्र्यांना मारण्याऐवजी आश्रय देण्याचा मार्ग त्यामुळे खुला झाला. तथापि शहरातील जागा अपुरी, चाऱ्याचा खर्च मोठा आणि येणाऱ्या जनावरांचा ओघ मात्र अखंड, अशी स्थिती होती. तेव्हा संस्थेने शहराबाहेर शाखा काढल्या. कल्याणहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावरील रायते येथील शाखा ही त्यांपैकीच होय. गुरांच्या बाबतीत ही योजना युक्त होती, कारण भाकड गाईला चराऊ रान लागते व ते भुलेश्वरात मिळत नाही. परंतु मुंबईच्या रस्त्यांवरील कुत्र्यांची संख्या आश्रयस्थाने निघाल्याने घटली नाही. एक कुत्रा उचलला की रिकाम्या झालेल्या जागेवर व उकिरड्यावर दुसरा येतो, आणि उकिरडा तर तेथेच राहिला होता.

शहर व ग्रामीण ठाणे यांच्यातील देवघेवीचे हे एकच उदाहरण नव्हे. १८९२ साली तानसा जलाशय पूर्ण झाला आणि शहापूरचे पाणी मुंबईस जाऊ लागले. विसाव्या शतकात वैतरणा व भातसा यांची त्यात भर पडली. आजही शहापूर तालुक्यातील अनेक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. शहराला जे हवे ते येथून न्यावे व जे नको ते येथे पाठवावे, ही रीत अशा रीतीने रूढ झाली. नकाशावर जो भाग हिरव्या रंगाने दाखविला जातो, त्यात ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी, आगरी व कुणबी यांची वस्ती आहे, ही गोष्ट निर्णय घेताना सहसा विचारात घेतली जात नाही.

याचा कठोर प्रत्यय बिबट्यांच्या प्रकरणात आला. माळशेज घाटाच्या वर, मुरबाडला लागून, पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुका आहे. कुकडी प्रकल्पाच्या पाण्याने तेथे ऊस वाढला, उसात बिबट्याला लपण्यास जागा मिळाली व गावालगतची कुत्री, शेळ्या आणि वासरे हे भक्ष्य मिळाले. माणसांवर हल्ले होऊ लागताच २००१ पासून वनखात्याने बिबटे पकडून दूरच्या जंगलांत सोडण्याचा कार्यक्रम मोठ्या प्रमाणावर हाती घेतला. त्याचे परिणाम विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नोंदविले आहेत. १९९३ ते २००१ या काळात जुन्नर परिसरात वर्षाला सरासरी ४ हल्ले होत असत. कार्यक्रम सुरू झाल्यावर ही सरासरी १७ वर गेली. बिबटे सरासरी सुमारे ४० किलोमीटर अंतरावर सोडले गेले होते आणि ज्या जंगलांत ते सोडले त्यांच्या आसपासही हल्ले वाढले.

या विपरीत परिणामाची कारणे समजण्याजोगी आहेत. बिबट्याला स्वतःचा प्रदेश असतो व त्यातील पाणी, आडोसा आणि भक्ष्य यांची त्याला ओळख असते. अनोळखी रानात सोडलेले जनावर तेथे स्थिर होत नाही. ते परतीची वाट धरते किंवा वस्तीच्या कडेने भटकते. पकडले जाण्याचा ताण त्यात भर घालतो. इकडे मूळ गावी त्याची जागा रिकामी होते आणि ऊस व भक्ष्य कायम असल्याने दुसरा बिबट्या ती व्यापतो. मुंबईच्या उकिरड्यावर कुत्र्यांच्या बाबतीत जे घडले, तेच उसाच्या फडात बिबट्यांच्या बाबतीत घडले.

२००९ सालच्या एका घटनेने ही गोष्ट अधिक स्पष्ट केली. पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेला एक वयस्क नर बिबट्या बाहेर काढून, गळ्यात उपग्रहाद्वारे ठावठिकाणा कळविणारा पट्टा बांधून, माळशेज घाटात सोडण्यात आला. अभ्यासकांनी त्याला ‘आजोबा’ म्हटले. योगायोगाने याच नावाचा डोंगर शहापूर तालुक्यात आहे. हा बिबट्या माळशेजात थांबला नाही. सुमारे महिन्याभरात त्याने १२० किलोमीटरांच्या आसपास वाटचाल केली. कसाऱ्याजवळ लोहमार्ग व मुंबई–आग्रा महामार्ग ओलांडून, वसईची खाडी पार करून, तो मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोहोचला. वाटेत त्याने कोणाही माणसावर हल्ला केला नाही. २०११ साली वाहनाच्या धडकेने त्याचा अंत झाला. माणसाने नेमून दिलेले ‘योग्य रान’ त्याने स्वीकारले नाही, एवढे मात्र निश्चित.

घाटाच्या वरच्या अंगास, अकोले खोऱ्यात, बिबट्याच्या आहाराचा जो अभ्यास झाला, त्यात त्याच्या भक्ष्याचा ८७ टक्के वजनी भाग पाळीव व गावठी जनावरांचा आढळला आणि त्यात कुत्र्याचा वाटा सर्वांत मोठा, ३९ टक्के, होता. अर्थात कुत्र्यांचा प्रश्न व बिबट्यांचा प्रश्न हे एकाच साखळीचे दोन दुवे आहेत. गावाच्या कडेला टाकलेला कचरा व कोंबड्यांची घाण कुत्र्यांना पोसते आणि कुत्री बिबट्याला पोसतात. म्हणून उपाय साखळीच्या मुळाशी, म्हणजे गावातच करावा लागतो. कचऱ्याची विल्हेवाट, बंदिस्त गोठे, कुत्र्यांची नसबंदी व लसीकरण हे त्याचे घटक होत. २००१ च्या केंद्रीय नियमांनी व पुढे २०२३ च्या नियमांनी नसबंदी केलेला कुत्रा मूळ जागी परत सोडण्याचे जे तत्त्व स्वीकारले, त्यामागे हेच निरीक्षण आहे.

तथापि स्थानिक उपायाचा पुरस्कार करताना त्याची किंमतही मान्य केली पाहिजे. ज्या घरातील मूल बिबट्याने नेले, त्या घराला सहजीवनाचा उपदेश करणे क्रूरपणाचे ठरते. माणसावर हल्ला करण्यास सोकावलेले जनावर हलवावेच लागते. जुन्नरजवळील माणिकडोह येथील निवारा केंद्र अशाच गरजेतून उभे राहिले. परंतु निवाऱ्याची क्षमता ठरीव असते व ओघ ठरीव नसतो. पांजरापोळीचा अनुभव तेथेही आला आणि २०२४ साली काही बिबटे गुजरातेत जामनगर येथे पाठविण्यात आले. २०२५ साली जुन्नर परिसरात माद्यांच्या गर्भनिरोधाच्या मर्यादित प्रयोगाला केंद्र शासनाने मान्यता दिली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये व स्थानके यांच्या आवारांतील कुत्री निवाऱ्यांत हलविण्याचा आदेश दिला. १८३२ चा प्रश्न अशा प्रकारे अद्याप मिटलेला नाही.

शहापूर–मुरबाडच्या पाड्यांवर वाघबारशीला वाघोबाची पूजा होते. आपल्या रानातील जनावराशी पिढ्यान्‌पिढ्या झालेला तो एक करार आहे. त्यात भीती आहे, नैवेद्य आहे व मर्यादाही आहे. परंतु हा करार ओळखीच्या जनावराशी असतो. रात्री गाडीतून आणून सोडलेल्या अनोळखी जनावराशी तसा करार संभवत नाही, आणि तो निर्णय घेताना पाड्यावरील कोणासही विचारलेले नसते. स्थलांतराने प्रश्न सुटतो असे ज्यांना वाटते, त्यांना तो केवळ दिसेनासा झालेला असतो. ज्यांच्या दारी तो उतरविला जातो, त्यांच्या दृष्टीने तो तेव्हाच सुरू होतो.